पोटात तोफ असलेला रणगाडा

तुम्ही नरडाणा स्टेशनच्या फलाटावर उभे आहात. साल १९४०, ऑगस्ट सरत आलेला. जिल्ह्याचं नाव पश्चिम खानदेश, तालुका शिंदखेडा. ताप्ती व्हॅलीची गाडी सुरतेकडून आली आहे. नंदुरबार, दोंडाईचा मागे टाकून ती आता अमळनेरवरून जळगाव-भुसावळकडे जाईल. पलीकडे मुंबई-आग्रा रोड आहे, उत्तरेला तापी ओलांडून शिरपूरकडे आणि दक्षिणेला सोनगीरवरून धुळ्याकडे जाणारा. रानात कपाशी वाढते आहे आणि फलाटावरचं बोलणंही कपाशीचंच आहे. जूनमध्ये फ्रान्स पडलं, युरोपातल्या गिरण्यांचं गिऱ्हाईक तुटलं; आता यंदाचा माल उचलणार कोण? पागोटं बांधलेले एक आजोबा तुमच्याकडे बघून विचारतात, "कथा चालना भाऊ?" तुम्ही 'लांब' एवढंच म्हणता. खरं उत्तर त्यांना पटायचं नाही.

ज्या पराभवामुळे आजोबांचा कापूस अडला, त्याच पराभवावरचा उतारा समुद्रापलीकडे काही माणसं कागदावर काढत बसली आहेत. डंकर्कहून इंग्रजांची फौज परत आली ती जवळजवळ रिकाम्या हातांनी; फ्रान्सला नेलेले रणगाडे बहुतेक सगळे तिथेच राहिले. इंग्लंडचे कारखाने आहे त्या कामाखाली दबलेत. सगळ्यांची नजर अमेरिकेवर आहे, आणि अमेरिकेकडे या घडीला जर्मनांसमोर उभा करावा असा एकही मध्यम रणगाडा नाही. चला तिकडेच.

इलिनॉय राज्य. मिसिसिपी नदीतल्या बेटावरचं रॉक आयलंड आर्सेनल, अमेरिकी लष्कराचं जुनं शस्त्रागार. तुम्ही आराखडे काढायच्या खोलीत आहात. टेबलावर एम२ए१ नावाच्या रणगाड्याचे कागद पसरलेत आणि त्यांच्यावर नुकतीच फुली पडली आहे. १५ ऑगस्टला लष्कराने क्रायस्लर या मोटार कंपनीशी करार केला होता: असे एक हजार रणगाडे बनवा, त्यासाठी नवा कारखानाही उभारा. २८ ऑगस्टला तो करार बदलला. एक हजार रणगाडे, एकही तयार होण्याआधी, जुने ठरले.

कारण सोपं होतं. एम२ए१च्या बुरुजात ३७ मिलिमीटरची तोफ होती आणि फ्रान्समध्ये जर्मनांचा पँझर चार ७५ मिलिमीटरची तोफ घेऊन फिरला होता. अमेरिकेच्या नव्या चिलखती दलाचे प्रमुख ॲडना चॅफी आणि शस्त्रास्त्र खात्याची माणसं यांचं एरवी फारसं जमत नसेल, पण ७५ हवीच यावर एकमत झालं. तोफ हाताशी होतीही, फ्रेंचांच्या १८९७ सालच्या नावाजलेल्या मैदानी तोफेच्या वंशातली. घोडं अडलं ते बुरुजापाशी.

इथे जरा रेंगाळा, कारण पुढचं सगळं यातूनच निघतं. एवढी तोफ गोल फिरणाऱ्या बुरुजात बसवायची तर बुरूज मोठा लागतो, आणि तो ज्या कड्यावर फिरतो ते कडं रुंद आणि अचूक कातलेलं लागतं. एवढ्या मोठ्या ओतीव चिलखती बुरुजाचा सराव अमेरिकेत अजून कुणालाच नाही. जमेल, पण महिने जातील. आणि महिने कुणाकडे नाहीत. तेव्हा कुणाला तरी जुना एक प्रयोग आठवतो. टी५ई२ नावाची एक चाचणीची गाडी होती, तिच्यात ७५ मिलिमीटरची आखूड तोफ बुरुजात न ठेवता धडाच्या उजव्या अंगाला खोवली होती. बस, तसंच करू. मोठी तोफ उजव्या कुशीत, ३७ची छोटी तोफ वरच्या छोट्या बुरुजात, आणि त्या बुरुजाच्या डोक्यावर मशीनगनची आणखी एक घुमटी. एकावर एक तीन मजले. याचं नाव एम३.

टेबलावर वाकलेल्या ड्राफ्ट्समनच्या खांद्यावरून बघा. तो पेन्सिलीने ज्या रेषा मारतोय त्यांतले दोष त्याला दिसतायत. कुशीतली तोफ दोन्ही बाजूंना पंधरा-पंधरा अंशच हलते. शत्रू डावीकडून आला तर अख्खी गाडी वळवायला हवी. रणगाडा उंचवट्यामागे दडून फक्त बुरूज बाहेर काढतो आणि मारा करतो. इथे तोफ इतकी खाली की मारा करायचा तर जवळजवळ अख्खी दहा फुटी गाडी उघडी टाकावी लागणार. सगळं माहीत असून तो रेषा मारतोय. याच लष्कराने त्याच वेळी ठरवलंय, की एम३चे कागद पूर्ण झाले की त्याच टेबलावर त्याच्या वारसाचे कागद घ्यायचे, मोठी तोफ बुरुजात असलेल्या गाडीचे. ती पुढे शर्मन म्हणून ओळखली जाईल. म्हणजे एम३चा जन्म होण्याआधी त्याच्या निवृत्तीचा अर्ज लिहिलेला आहे. रणगाड्यांच्या इतिहासात देखणे आराखडे पुष्कळ आहेत. मला मात्र हा कुरूप कागद त्या सगळ्यांहून प्रामाणिक वाटतो.

उंचीचंही कारण विचारून घ्या. इंजिन मूळचं विमानाचं आहे: राइट कंपनीचं, नऊ सिलिंडरं ताऱ्यासारखी वर्तुळात मांडलेलं, वाऱ्यावर थंड होणारं, चारशे अश्वशक्तीच्या आसपासचं. रणगाड्यासाठी वेगळं इंजिन घडवायला वेळ नव्हता, हे तयार होतं. पण गोल इंजिनाचा घेर मोठा, त्याचा दांडा मधोमध, म्हणजे जमिनीपासून बराच वर. इंजिन मागे आणि गिअर पुढे, तेव्हा तो दांडा माणसांच्या बसायच्या जागेतून आरपार जातो. त्याच्या वर माणसं, माणसांच्या वर बुरूज. उंची दहा फुटांच्या वर गेली ती अशी.

आता डेट्रॉइट. शहराबाहेर वॉरनच्या शेतजमिनीवर हिवाळ्याचा वारा बोचतोय आणि तुमच्या डोळ्यांसमोर कारखान्याचा लोखंडी सांगाडा वर चढतोय. रेखाटलाय अल्बर्ट कान या वास्तुरचनाकाराने, ज्याने डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यांना त्यांचं रूप दिलं. भिंती अजून पुऱ्या नाहीत, उष्णतेची सोय नाही, म्हणून एका टोकाला वाफेचं रेल्वे इंजिन आणून उभं केलंय. त्याच्या वाफेवर कामगार ऊब घेतायत. क्रायस्लरचे प्रमुख के. टी. केलर यांच्या माणसांनी जन्मात रणगाडा बनवलेला नव्हता. आराखडे आले तेव्हा त्यांनी आधी अख्खा रणगाडा लाकडाचा करून पाहिला, प्रत्येक भाग, बिजागऱ्यांसकट, म्हणजे कुठे काय अडतंय ते पोलाद कापण्याआधी कळावं. मोटारी बनवणाऱ्यांची ही सवय आर्सेनलच्या माणसांना नवी होती. एप्रिल १९४१ मध्ये, बांधकामाचा राडारोडा अजून बाजूला पडलेला असताना, पहिला एम३ लष्कराच्या हवाली झाला. करारापासून आठ महिने झाले होते.

क्रायस्लर एकटीच नव्हती. फिलाडेल्फियाजवळची बॉल्डविन आणि स्केनेक्टडीची अमेरिकन लोकोमोटिव्ह या रेल्वे इंजिनं बनवणाऱ्या कंपन्याही कामाला लागल्या. ते साहजिकच होतं: जाड पोलादाचे पत्रे, अवजड यारी, रिव्हेटिंग, सगळं त्यांच्या घरात होतं. नरडाण्याहून निघालेल्या तुम्हाला हे नाव पुन्हा भेटेल. याच बॉल्डविनची वाफेची इंजिनं युद्धाच्या शेवटच्या वर्षांत हिंदुस्थानच्या ब्रॉडगेजवरही आली.

लंडनहून एक मंडळ आलंय, प्रमुख मायकेल ड्यूअर. त्यांना खरं तर हवे होते इंग्रजी रणगाडे, अमेरिकी कारखान्यांत बनवलेले. अमेरिकेने साफ नकार दिला: आमचे घ्या, नाहीतर राहू द्या. घ्यावेच लागले. पण त्यांनी एक हट्ट धरला. अमेरिकी आराखड्यात रेडिओ खाली धडात होता आणि त्याच्यासाठी एक वेगळा माणूस. इंग्रज म्हणाले, रेडिओ बुरुजात पाहिजे, कमांडरच्या हाताशी. त्यांच्या गाड्यांना म्हणून बुरूज वेगळा, पाठीमागे रेडिओपुरता फुगवटा असलेला, वरची मशीनगनची घुमटी काढून टाकलेला. या रूपाला त्यांनी नाव दिलं ग्रँट. मूळ अमेरिकी रूपाला ली. अमेरिकेच्या यादवी युद्धातले दोन विरोधी सेनापती एकाच गाडीचे दोन बुरूज झाले. लीमध्ये सात माणसं, ग्रँटमध्ये सहा.

विमानांसाठी तेच गोल इंजिन हवं असल्याने पुढे त्याची चणचण भासू लागली, तेव्हा क्रायस्लरच्या इंजिनिअरांनी साध्या मोटारीची सहा सिलिंडरांची पाच इंजिनं घेतली आणि एका दांड्याभोवती जोडून तीस सिलिंडरांचं एक इंजिन केलं. ऐकताना थट्टा वाटते, चाललं ते. दुसऱ्या काही गाड्यांत जनरल मोटर्सची दोन डिझेल इंजिनं शेजारी शेजारी बसवली. काहींचं धड ओतीव, काहींचं वेल्डिंगचं, पण बहुतेकांचं रिव्हेटचं. डिसेंबर १९४२ मध्ये काम थांबलं तोवर ६,२५८ गाड्या बाहेर पडल्या होत्या.

आत बसून बघा. कुशीच्या दरवाजातून आत घुसा, डोकं सांभाळा. सुरू करण्याआधी मागे हँडल मारायला हवं, कारण गोल इंजिनाच्या खालच्या सिलिंडरांत तेल साचून बसतं. तसंच चालू केलं तर इंजिन फुटेल. हात भरून येतात. मग एकदम गडगडाट. ड्रायव्हर पुढे गिअरपेटीच्या जवळजवळ वरच बसलाय, समोर झडप, दोन्ही हातांत दोन दांडे. त्याच्या उजव्या कुशीला ७५ची तोफ, तिचा गोलंदाज आणि गोळे भरणारा. तुमच्या पायांजवळून तो इंजिनाचा दांडा गरगरतोय. वर बुरुजात आणखी तिघं, त्यांची पावलं तुमच्या डोक्याजवळ. २७ टन पोलाद, रस्त्यावर तासाला ३४ किलोमीटर धावणारं. आवाजात बोलणं ऐकू येत नाही, दारूच्या धुराने डोळे चुरचुरतात. भिंतीवर रिव्हेटच्या डोक्यांच्या रांगा. नरडाण्यापासून जवळच सोनगीरला तांबट भांड्याला कान जोडताना अशीच रिव्हेट ठोकतात, फक्त इथे चुकून एक सुटली तर पाणी गळत नाही: बाहेरून गोळा आदळला की तिचं डोकं तुटतं आणि आतल्या माणसाला गोळीसारखं लागतं. रशियाला गेलेल्या एम३ला तिथल्या सैनिकांनी सात भावांची शवपेटी म्हटलं, ते उगाच नाही.

२७ मे १९४२, लिबियाचं वाळवंट, गझाला. सकाळ. ग्रँट पहिल्यांदा लढाईत उतरतोय आणि तुम्ही धुळीत उभे आहात. जर्मनांना याची खबर नव्हती. त्यांचे रणगाडे नेहमीच्या बेफिकिरीने पुढे आले आणि ७५च्या गोळ्यांनी लांबूनच त्यांना थोपवलं. इंग्रजी रणगाड्यांकडे आजवर असा गोळा नव्हता जो फुटून टँकविरोधी तोफेच्या माणसांनाही पळवेल. पण ड्राफ्ट्समनने पाहिलेले दोषही दुपारपर्यंत सगळ्यांना दिसले. त्याच सकाळी थोडं दक्षिणेला तिसरी हिंदुस्थानी मोटार ब्रिगेड इटालियन रणगाड्यांखाली चिरडली गेली. दुसरी रॉयल लान्सर्स, अकरावी आणि अठरावी कॅव्हलरी: नावं घोडदळाची, बूड लॉऱ्यांचं, आणि रणगाडा एकही नाही. एम३ जगात असून आपल्या माणसांच्या वाट्याला अजून आला नव्हता. याच दिवशी सातव्या चिलखती डिव्हिजनचे प्रमुख फ्रँक मेसर्व्ही, मूळचे हिंदुस्थानी सेनेतल्या हॉडसन्स हॉर्सचे, शत्रूच्या हाती सापडले. खांद्यावरची पदचिन्हं काढून टाकून त्यांनी स्वतःला साधा शिपाई असल्याचं भासवलं आणि निसटले. हे नाव लक्षात असू द्या.

ऑक्टोबरात एल अलामीनला शर्मन आले. कुशीतली तोफ एकदम जुनी झाली, आणि शेकडो ली-ग्रँट जहाजांतून पूर्वेकडे निघाले.

तुम्हीही परत या, पण आधी काही आठवडे मागे. ९ सप्टेंबर १९४२: नरडाण्याच्याच लाइनवर नंदुरबारला 'चले जाव'च्या मिरवणुकीवर गोळीबार झालाय, शिरीषकुमार आणि त्याचे चार सोबती गेलेत. शाळेतली पोरं. आता आग्रा रोडने धुळे, मालेगाव, मग मनमाडवरून नगरला चला, आजच्या अहिल्यानगरला. इथे पहिल्या महायुद्धानंतरच्या दशकापासून चिलखती गाड्यांची शाळा आहे. माळरानावर धूळ उडतेय, घोड्याचा लगाम हातात घेऊन वाढलेली माणसं दांडे आणि क्लच शिकतायत. आणि शेजारच्या भुईकोट किल्ल्यात ऑगस्टपासून काँग्रेसची कार्यकारिणी बंद आहे: मौलाना आझाद, वल्लभभाई, शंकरराव देव, जवाहरलाल. नेहरू सहा वर्षांपूर्वी फैजपूरच्या काँग्रेसचे अध्यक्ष म्हणून खानदेशात येऊन गेले होते. आता याच भिंतींआड ते हिंदुस्थानच्या इतिहासावर ग्रंथ लिहितील. एकाच गावात एकीकडे फॅसिझमविरुद्ध लढायची तालीम चाललीय आणि दुसरीकडे ज्यांनी फॅसिझमला सुरुवातीपासून विरोध केला ते कुलपात आहेत. यातलं काय बरोबर, हा प्रश्न तुमच्या आजोबांच्या पिढीला पडला तेवढाच अवघड आजही आहे, आणि ज्यांना तो सोपा वाटतो त्यांचं मला फारसं पटत नाही.

खानदेशच्या रानात यायचं तर सरकार म्हणतंय कपाशी कमी करा, धान्य पेरा. रॉकेल मिळत नाही. ब्रह्मदेशातला तांदूळ जपान्यांच्या हाती गेलाय.

दिल्लीत मोठ्या कचेरीत वाद चाललाय: ब्रह्मदेशच्या डोंगर-जंगलात रणगाड्याचं काम काय? हलके असतील तर असू द्या, मध्यम तर नकोतच. या वादात मध्यम रणगाड्याच्या बाजूने बोलणारा माणूस तुम्ही वाळवंटात पाहिलाय. मेसर्व्ही आता हिंदुस्थानातल्या चिलखती गाड्यांचे संचालक आहेत. ते म्हणतात, जिथे मोठी तोफ पोचत नाही तिथे रणगाडाच तोफ घेऊन चढेल. आणि मग नशिबाने त्यांना स्वतःच्याच म्हणण्याची परीक्षा द्यायला लावलं. फेब्रुवारी १९४४, आराकान. सातव्या हिंदुस्थानी डिव्हिजनचे प्रमुख म्हणून त्यांच्या ठाण्यावर ६ तारखेला जपानी तुटून पडले. मेसर्व्ही दुसऱ्यांदा निसटले आणि सिंझवेयाच्या वेढ्यात पोचले. त्या वेढ्यात २५व्या ड्रॅगून्सचे ली उभे होते, सॅपर्सनी रुंद केलेल्या घाटरस्त्याने गुपचूप आणलेले. इथे एवढे जड रणगाडे असतील ही जपान्यांची कल्पनाच नव्हती. अडीच आठवड्यांनी वेढा उठला.

जंगलात लीचे दोष नाहीसे झाले म्हणणं चुकीचं होईल. ते बिनमहत्त्वाचे झाले. जपान्यांकडे लांबून पोलाद फोडणाऱ्या तोफा थोड्या, रणगाडे हलके, त्यांतल्या 'हा-गो' नावाच्या रणगाड्यावर ३७ मिलिमीटरची तोफ. डावीकडून कोण येणार, समोर डोंगर आणि त्यात खोदलेला बंकर. कुशीतली तोफ डोंगराच्या अंगात सरळ बघते. पद्धतही इथेच बसली: आधी पटकन फुटणारे गोळे मारून झाडी उडवायची, मग किंचित उशिरा फुटणारे, बंकरच्या तोंडात, आणि पायदळ अगदी जवळ पोचलं की न फुटणारे भरीव गोळे, म्हणजे आपल्या माणसांना तुकडे लागत नाहीत आणि शत्रूचं डोकं वर येत नाही.

१३ एप्रिल १९४४. इंफाळ. समोरचा डोंगर नुनशिगुम, मैदानापासून हजारेक फूट उंच. वर जपानी बसलेत आणि तिथून त्यांना विमानतळ दिसतोय. इंफाळ वेढ्यात आहे, सगळं अन्न आणि गोळे त्या विमानतळावरच उतरतात. सकाळी विमानांनी आणि तोफांनी डोंगर भाजून काढलाय. आता सतराव्या डोग्रा रेजिमेंटची पहिली बटालियन आणि तिसऱ्या कॅराबिनियर्सच्या 'बी' स्क्वॉड्रनचे ली दोन सोंडांवरून चढतायत. तुम्ही एका लीमागे डोग्रांच्या रांगेत आहात.

चढ असा की ड्रायव्हरला झडपेतून नुसतं आकाश दिसतं. पट्ट्यांखालची माती निसटतेय. वरची धार इतकी अरुंद की रणगाडे एकामागे एकच जाऊ शकतात, एक पाऊल चुकलं तर कडा. ड्रायव्हरला वाट सांगायला कमांडरने घुमटीतून डोकं बाहेर काढायलाच हवं. ड्यूअर मंडळाने नको म्हटलेली ती घुमटी. लीवर ती अजून आहे. कमांडर डोकं बाहेर काढतात, हातबॉम्ब फेकतात, पिस्तुलं चालवतात, आणि एकेक करून पडतात. तासाभरात स्क्वॉड्रनमधला वर चढलेला एकही अधिकारी उरत नाही. खाली डोग्रांचे इंग्रज अधिकारीही जखमी झालेत. मग स्क्वॉड्रन सार्जंट मेजर क्रॅडॉक रणगाड्यांची सूत्रं घेतो, डोग्रांचे सुभेदार पायदळाची. दोघं मिळून पुन्हा ठरवतात, कुठला बंकर आधी. ७५ अगदी तोंडाशी नेऊन डागली जाते. डोग्रा त्या धुरात धावत जातात. तुम्हीही.

डोंगर हाती आला. कॅराबिनियर्सच्या वारस पलटणीत या दिवशी 'बी' स्क्वॉड्रनच्या संचलनाचं नेतृत्व आजही अधिकारी करत नाहीत. सार्जंट मेजर करतो.

दुसऱ्या दिवसासाठी पुन्हा खानदेशात या. १४ एप्रिल १९४४, शुक्रवार. दुपारी चारनंतर मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टायकिन जहाजाचा स्फोट झालाय. पोटात चौदाशे टनांच्या आसपास दारूगोळा, त्याच्यासोबत कापसाच्या गासड्या. गासड्यांनी आधी पेट घेतला. कापूस आणि दारू एका जहाजात भरायची कल्पना ज्या कुणाच्या डोक्यातून आली, त्याला खानदेशातल्या कुठल्याही जिनवाल्याने दारातून हाकलला असता.

आणि त्याच दिवशी, तुमच्याच शिंदखेडा तालुक्यात चिमठाण्याजवळ, धुळ्याहून निघालेली सरकारी खजिन्याची गाडी अडवली गेली. साताऱ्याच्या प्रतिसरकारचे जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी, खानदेशातले डॉ. उत्तमराव पाटील आणि त्यांचे साथी. साडेपाच लाखांच्या घरात रक्कम, चळवळीच्या खर्चासाठी. चोवीस तासांपूर्वी तुम्ही ज्या सरकारच्या रणगाड्यामागे धावत होता, त्याच सरकारची तिजोरी इथे रिकामी होतेय, आणि दोन्हीकडची माणसं जिवावर उदार आहेत. रस्त्यात कुणी विचारलं तर तुम्ही कुणाच्या बाजूचे ते सांगू नका. नुनशिगुमचे डोग्रा आणि चिमठाण्याचे क्रांतिकारक एका वाक्यात बसवायची घाईही करू नका.

शेवटची एक उडी. सप्टेंबर १९६५, पंजाब, असल उत्तर. ऊस उभा आहे, शेतांत पाणी सोडलंय, आणि पाकिस्तानी पॅटन चिखलात रुततायत. उसाआडून त्यांच्या कुशीवर मारा करणाऱ्यांत डेक्कन हॉर्सचे शर्मन आहेत. १९४५ मध्ये हीच रेजिमेंट शर्मन घेऊन ब्रह्मदेशात लढली होती. कमांडिंग ऑफिसर लेफ्टनंट कर्नल अरुणकुमार वैद्य, जन्म अलिबागचा, पुढे लष्करप्रमुख. या लढाईसाठी त्यांना महावीरचक्र मिळेल. कागदावर पॅटनपुढे शर्मन अगदीच म्हातारा. इथेही मैदानाने पारडं फिरवलं.

एका शर्मनजवळ जा. खाली वाकून धड बघा: खालचा अर्धा भाग एम३वरूनच घेतला होता, इंजिन मागे आणि गिअर पुढे, मधून जाणारा दांडा, सगळं रॉक आयलंडच्या त्या टेबलावरचं. वर चढा. आत सातऐवजी पाच माणसं आहेत. तोफ बुरुजात आहे, ओतीव पोलादाच्या, रुंद कड्यावर फिरणाऱ्या. आणि रेडिओ ड्यूअरच्या माणसांनी हट्ट धरला होता तिथे, बुरुजाच्या पाठीतल्या फुगवट्यात, कमांडरच्या हाताशी. त्यावरून आता कुणीतरी हिंदीत विचारतंय, उसातून अजून किती आले.